सहाव्या सांध्याचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

घरातली एखादी जुनी तसबीर भिंतीवरून उतरवा आणि तिच्या चौकटीचे चारी कोपरे जवळून पाहा. लाकडाच्या दोन पट्ट्या टोकाला तिरक्या कापून एकमेकींना भिडवलेल्या दिसतील. तीन कोपरे बहुधा घट्ट असतील. चौथ्यात मात्र फट असेल आणि त्या फटीत सुताराने लांबी भरून वरून पॉलिश मारलेलं असेल. चौथ्या कोपऱ्यावर त्याचा काही राग नसतो. पहिल्या तीन कोपऱ्यांत जी थोडी थोडी चूक झाली, ती सगळी गोळा होऊन चौथ्यात उघडी पडते, एवढंच.

हे तिरके काप आता पुष्कळ ठिकाणी टेबल सॉवर होतात. टेबल सॉ म्हणजे लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचं टेबल आणि त्याच्या मधून वर आलेलं गोल, फिरतं पातं. पात्याला समांतर अशी एक खाच टेबलात असते. त्या खाचेतून एक पट्टी पुढे-मागे सरकते, पट्टीवर अर्धगोल डोकं असतं आणि डोक्यावर अंशांच्या खुणा. लाकूड या डोक्याला टेकवायचं, हवा तो कोन लावून कसायचं आणि पात्याकडे ढकलायचं. याला माइटर गेज म्हणतात. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि गुण्या एकत्र करून रुळावर बसवले तर जे होईल, ते हे उपकरण.

पनवेल तालुक्यातल्या नेऱ्याच्या एका तरुण सुताराने मला विचारलं, की हे गेज घेताना काय बघून घ्यावं? त्याला उत्तर देता देता मी जाऊन पोचलो बैलगाडीच्या चाकांपाशी. पनवेल ते गाव आहे, की जिथे कोनाचा हा हिशेब एका काळी शेकडो हातांना रोज करावा लागत असे.

आजचं पनवेल म्हणजे रेल्वे जंक्शन, एक्स्प्रेस वे आणि २०२५च्या डिसेंबरपासून शेजारून उडणारी विमानं. पण दोनशे वर्षांपूर्वी पनवेल म्हणजे बंदर. देशावरचा माल बोरघाट उतरून पनवेलला यायचा आणि इथून होड्यांत चढून मुंबईला जायचा. आधी हा माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून येई, लमाणांचे तांडेच्या तांडे घाट उतरत. १८३० मध्ये सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि चित्र बदललं. पाठीवरचा माल गाडीत आला. त्याच सुमारास देशावर जुन्या, भरीव चाकांच्या अवजड गाड्यांऐवजी आऱ्यांच्या चाकांची हलकी गाडी रूढ व्हावी, म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांचेही प्रयत्न चालले होते. गाड्या वाढल्या, तशी चाकंही जास्त लागू लागली.

भरलेली गाडी घाट उतरून येते तेव्हा सगळा मार चाकांवर बसतो. पनवेलला पोचलेल्या गाडीवानाला चाकाची गरज सगळ्यात जास्त तिथेच भासणार. लाकूडही जवळ होतं. माथेरान, प्रबळ, कर्नाळा या डोंगरांचं रान हाकेच्या अंतरावर. त्यामुळे पनवेलला चाकं बनवण्याचा धंदा उभा राहिला आणि इतका वाढला, की त्याची नोंद १८८० च्या दशकातल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये महत्त्वाचा उद्योग म्हणून झाली. देशावरून पनवेलला येणारा जवळजवळ प्रत्येक गाडीवान परत जाताना चाकांची एक जोडी घेऊन जातो, अशा अर्थाचा उल्लेख तिथे आहे. मला यातलं साल विशेष वाटतं. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ मध्ये. लांबच्या मालाची वाहतूक त्यानंतर आगगाडीकडे वळली, पनवेल बंदराचं महत्त्व उतरलं. तरीही वीस वर्षांनंतर पनवेलची चाकं खपत होती. आगगाडी स्टेशनपर्यंत येते, शेतापासून स्टेशनपर्यंत गाडीच लागते. आणि एकदा नाव झालं, की लोक त्या नावाला धरून राहतात.

आता हे चाक जरा उलगडून पाहू. मधला लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि आऱ्यांच्या टोकांवर बसवलेला लाकडी घेर. घेर अखंड लाकडाचा करता येत नाही. कारण वाकवलेलं लाकूड सोडलं, तर झाडात गोल रेषा नसते. म्हणून घेर तुकड्यातुकड्यांनी जोडायचा. बारा आऱ्यांच्या चाकाला सहा तुकडे, एकेका तुकड्यात दोन आरे, ही सोयीची वाटणी. सहा तुकडे म्हणजे सहा सांधे, आणि प्रत्येक सांध्याला दोन तोंडं. अशी बारा तोंडं कापायची. वर्तुळ ३६० अंशांचं, त्याला बारांनी भागलं की ३० येतात. म्हणजे प्रत्येक तोंड सरळ आडव्या कापापेक्षा ३० अंशांनी तिरकं असलं पाहिजे.

समजा, प्रत्येक काप अर्ध्या अंशाने चुकला. अर्धा अंश म्हणजे किती? तीन इंच रुंद पट्टीवर पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी. डोळ्याला जेमतेम दिसेल. पण बारा वेळा अर्धा म्हणजे सहा अंश. पहिले पाच सांधे छान जुळतील आणि सहाव्याला, त्याच तीन इंच पट्टीवर, एका बाजूला जवळजवळ आठ मिलिमीटरची फट पडेल. सुताराच्या भाषेत अडीच सूत. तसबिरीच्या चौथ्या कोपऱ्याचं दुखणं ते हेच, फक्त तिथे काप आठ असतात.

चाकाचे तुकडे आणि ३६० हा आकडा यांची गाठ आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात वर्षाचं रूपक म्हणून एक चाक येतं. त्याच्या घेराचे तुकडे बारा, आणि त्यात ३६० खुंट्या बसवलेल्या. रूपक काळाचं असलं, तरी ज्याने ते रचलं त्याने चाक बनताना पाहिलं असणार, असं मला नेहमी वाटतं. घेर तुकड्यांचा असतो हे त्याला माहीत होतं.

पण पनवेलचा सुतार ३० अंश मोजत होता का? त्याच्याकडे कोनमापक असण्याचं कारण नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. कंपासने वर्तुळ काढा, आणि कंपासचं तोंड तेवढंच ठेवून त्याच वर्तुळावर पावलं टाकत जा. बरोबर सहा पावलांत आपण निघालो तिथे परत येतो. सहावीच्या मुलालाही हे ठाऊक असतं. त्या खुणा मध्यबिंदूशी जोडल्या की सहा सांध्यांच्या रेषा मिळाल्या. दोरी आणि खिळा एवढ्यावर हे काम होतं.

'सुतार' हा शब्दच मुळी सूत्रावरून आला, दोरीवरून. आजही मुंबई-पनवेलकडचे सुतार इंचाच्या आठव्या भागाला 'सूत' म्हणतात. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, शाळा-कॉलेजांतून इंच हद्दपार झाले, पण दुकानात जाऊन ऐका, 'दोन इंच तीन सूत' अजून चालू आहे. यज्ञवेदींची रचना सांगणाऱ्या ग्रंथांनाही शुल्बसूत्रं म्हणतात, आणि शुल्ब म्हणजेही दोरीच. इसवी सनाच्या काही शतकं आधी बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णाची लांबी काढायची रीत दिली आहे. बाजू एक धरली, तर तीत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा आणि त्यातून त्या शेवटच्याचा चौतिसावा भाग वजा करा. एक मीटर बाजूच्या चौरसाला ही रीत लावली, तर चूक होते एका मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढी. आणि चौरसाचा कर्ण म्हणजे काय? तसबिरीच्या कोपऱ्यातली ४५ अंशांची तिरकी रेषा. चौरस बरोबर आला की ती रेषा आपोआप मिळते, अंश मोजावे लागत नाहीत. दाराची चौकट काटकोनात आहे की नाही, हे बघायला सुतार अजूनही दोन्ही कर्णांची मापं घेतो. गवंडी पाया आखताना तीन-चार-पाचचा त्रिकोण ताणतो. ही सगळी त्याच घराण्यातली विद्या.

रेषा आखणं आणि त्या रेषेवर कापणं यांत मात्र पुष्कळ अंतर आहे. हाताने करवत चालवताना रेषा थोडी सुटतेच. त्यावर चाक करणाऱ्यांचे दोन उपाय असत. पहिला म्हणजे फर्मा. एक तुकडा मनासारखा करून घ्यायचा आणि बाकीचे त्याच्यावरून आखायचे. प्रत्येक तुकडा शेजारच्याशी प्रत्यक्ष भिडवून, जिथे घासतो तिथे पटाशीने उतरवायचा. म्हणजे चूक साठत जात नाही, जागच्या जागी मिटते. आणि शेवटचा तुकडा उरलेल्या जागेच्या मापाने करायचा.

दुसरा उपाय लोहाराचा, धाव. चाकावर चढणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहानच करतात. मग शेणी-लाकडांच्या जाळात लाल करायची. तापून ती वाढते, तोवर चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना धाव आवळते आणि सहाही सांधे एकमेकांत दाबून बसवते. कसलेले कारागीर या आवळण्याला जागा मिळावी म्हणून सांध्यात मुद्दाम थोडी सैल जागा ठेवत. अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर धाव सांभाळून घेई.

तसबिरीला किंवा टेबलाच्या चौकटीला धाव नसते. तिथे सुताराची चूक झाकायला लोहार येत नाही. घेरातली चूक लोखंडाखाली जायची, फर्निचरमधली दिवाणखान्यात चारचौघांसमोर उघडी राहते. त्यामुळे चाकापेक्षा चौकटीला जास्त नेमका काप लागतो, आणि त्यासाठी हाताला आधार देणारी साधनं निघाली. आधी लाकडी पेटी आली, जिच्या भिंतींना तिरक्या चिरा असतात आणि करवत त्या चिरांतून चालते. तसबिरी मढवणाऱ्यांच्या दुकानांत ती वर्षानुवर्षं दिसायची. चिरा झिजून रुंद झाल्या की कोन हलतो, मग नवी पेटी.

गोल पात्याची करवत इंग्लंडात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. सॅम्युएल मिलर यांचं १७७७ सालचं पेटंट त्यासाठी सांगितलं जातं. गलबतांच्या कप्प्यांसाठी लाकूड कापायला ती आधी कामी आली, कारण आरमाराला एकाच मापाचे कप्पे हजारोंनी लागत. आपल्याकडे त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी सागवानी जहाजं बांधत होती. १८१७ मध्ये तिथे पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. त्या जहाजांचे ओंडके मात्र माणसांनी कापलेले, एक वर आणि एक खाली उभा राहून, मोठ्या करवतीने. यंत्राची गोल करवत आपल्याकडे आधी लाकडाच्या वखारीत आली. सुताराच्या दुकानात ती पोचायला विसावं शतक बरंच सरावं लागलं, आणि हातात उचलून नेता येईल असा टेबल सॉ तर गावोगावी अगदी अलीकडे दिसू लागला.

आता नेऱ्याला येऊ. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाताना गाढी नदीच्या खोऱ्यात हे गाव लागतं. बाहेरच्यांना ते कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या 'शांतिवन'मुळे माहीत असतं. २०१३ मध्ये विमानतळाभोवतीचा मोठा पट्टा 'नैना' म्हणून नियोजनाखाली आला, त्यात नेरेही आहे. भाताच्या खाचरांशेजारी इमारती आणि फार्महाऊसं उभी राहिली, आणि त्यांच्याबरोबर सुतारकामाला गिऱ्हाईक आलं.

आमच्या या तरुणाने आयटीआयमधून सुतारकाम केलेलं. पत्र्याच्या शेडमध्ये त्याने जुना टेबल सॉ आणून बसवला. एका फार्महाऊससाठी त्याला षट्कोनी टेबलांची ऑर्डर मिळाली. वरच्या फळीभोवती सागाची तीन इंची पट्टी, सहा कोपरे. पहिल्या टेबलाचे पाच सांधे जुळले आणि सहावा उघडा राहिला. साग काही स्वस्त लाकूड नाही. आणखी टेबलं करायची होती आणि आगाऊ घेतलेले पैसे लाकडात गेले होते. सॉबरोबर आलेलं गेज डुगडुगतं आहे, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने फोनवर दोन गेजचे फोटो पाठवले.

"काका, याला पंचवीस खाचा आहेत, त्याला नऊच. पंचवीसवालं घेऊ ना?"

मी म्हटलं, "अरे, तुला त्यातल्या किती लागतात?"

त्याने मोजून सांगितल्या. शून्य, साडेबावीस, तीस आणि पंचेचाळीस. सरळ, अष्टकोन, षट्कोन, चौकट. खरोखर, एखाद्या सुताराच्या आयुष्यातले नव्वद टक्के काप या चार कोनांत होतात, आणि चांगल्या गेजच्या डोक्यावर खटक्याने अडकणाऱ्या पक्क्या खाचा याच चार ठिकाणी तर हमखास असतात. बाकीच्या खुणा कधीमधी कामी येतात. ज्याला त्या लागतात त्याने जरूर घ्याव्यात, पण आधी बघायची वस्तू दुसरीच आहे.

ती म्हणजे खाली सरकणारी पट्टी. टेबलाची खाच बहुतेक मोठ्या सॉवर सहा सूत रुंद आणि तीन सूत खोल असते, म्हणजे पाऊण इंच आणि त्याच्या निम्मी. लहान सॉवर मात्र कंपनीगणिक माप बदलतं. म्हणून गेजचा फोटो बघण्याआधी आपल्या टेबलाची खाच कॅलिपरने मोजायची. पट्टी खाचेत आडवी हलता कामा नये. समजा, ती अर्धा मिलिमीटर हलते. काप सुरू करताना मोठं लाकूड असेल तर गेज मागे ओढावं लागतं आणि पट्टीचा निम्माच भाग खाचेत राहतो, समजा वीस सेंटिमीटर. तेवढ्यात अर्धा मिलिमीटर म्हणजे अंशाच्या सातव्या भागाचा फरक, आणि तो दर वेळी वेगळा. डोक्यावर कितीही बारीक खुणा असोत, पट्टी हलली तर त्या खुणांना अर्थ नाही. चांगल्या गेजच्या पट्टीत बाजूला छोटे स्क्रू असतात, ते फिरवून पट्टी किंचित रुंद करता येते आणि खाचेत घट्ट बसवता येते. माझ्या मते अशी सोय असलेलं नऊ खाचांचं गेज, ती नसलेल्या पंचवीस खाचांच्या गेजपेक्षा केव्हाही बरं. पट्टी लांबही हवी.

दुसरं, लाकूड जिथे टेकतं तो पुढचा आधार. मुळात तो हाताएवढाच असतो. त्याला लांब, सरळ फळी जोडायला भोकं किंवा खाच असली पाहिजे. तिरका काप घेताना पातं लाकडाला बाजूला ओढतं आणि लाकूड आधारावरून घसरतं. फळीला पॉलिश पेपर चिकटवला तर ते बरंच थांबतं. त्या फळीवर अडकवता येईल असा ठोकळाही हवा, कारण षट्कोनाला कोन बरोबर येऊन भागत नाही, सहाही बाजू सारख्या लांबीच्या लागतात. एक बाजू अर्ध्या सुताने लहान झाली तरी सांधे उघडतात, आणि आपण उगाच कोनाला दोष देत बसतो. एक इशारा इथे दिलाच पाहिजे. लांबी धरायला काही जण गेज आणि सॉची बाजूची कुंपणपट्टी दोन्ही एकदम वापरतात. कापलेला तुकडा मग पातं आणि कुंपणपट्टी यांच्यात अडकतो आणि गोळीसारखा मागे येतो. हा प्रकार करू नये.

खुणांबद्दलही एक गोष्ट. काही गेजवर सरळ कापाला शून्य लिहिलेलं असतं, काहींवर नव्वद. त्यामुळे षट्कोनाचा काप एका गेजवर ३० ला येतो आणि दुसऱ्यावर ६० ला. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. शिवाय कारखान्याने कोरलेल्या शून्यावर डोळे झाकून भरवसा ठेवू नये. गेज पात्याशी लावून घ्यावं लागतं. त्याच्याही आधी टेबलाची खाच पात्याला समांतर आहे का, ते बघायचं. पात्याच्या एकाच दाताला खूण करून तो पुढे आणि मागे फिरवायचा आणि खाचेपासूनचं अंतर दोन्हीकडे मोजायचं. खाचच तिरकी असेल, तर नवं गेज आणूनही सहावा सांधा उघडाच राहणार. त्याच्या सॉचं नेमकं हेच निघालं, निदान थोडं तरी. टेबलाचे बोल्ट सैल करून त्याने ते सरळ केलं, आणि निम्मी फट तिथेच गेली, तीही पैसे न घालवता.

मग त्याला सांगितलं, सागावर हात टाकू नकोस. टाकाऊ पट्टीचे सहा छोटे तुकडे काप, टेपने गोल जोड आणि सहावा सांधा उजेडाकडे धरून बघ. बारा कापांची चूक एका जागी दिसते, म्हणजे आपोआप बारा पटीने मोठी होऊन दिसते. याहून चांगलं मापयंत्र कुठल्या दुकानात मिळणार? फट आतून असेल तर कोन एका दिशेला हलवायचा, बाहेरून असेल तर दुसऱ्या. दोन-तीन फेऱ्यांत येतं. साध्या चौकटीला तर आणखी सोपी युक्ती आहे. सांध्याची एक पट्टी पात्याच्या डावीकडून कापायची आणि दुसरी उजवीकडून, अशा रीतीने, की दोन्ही आधार एकमेकांशी पक्क्या काटकोनात असतील. मग एक काप ४५ पेक्षा थोडा जास्त झाला, तर दुसरा तेवढाच कमी होतो. बेरीज नव्वदच. प्लायवूडची सरकती पाटी करून तिच्यावर दोन फळ्या काटकोनात ठोकल्या, की हे साधतं, आणि काटकोन तपासायला आपला गुण्या आहेच. जो फक्त तसबिरी आणि चौकटीच करतो, त्याने महागडं गेज घेण्यापेक्षा एक दिवस खर्चून ही पाटी करावी, असं मी स्पष्ट सांगेन. षट्कोन, अष्टकोन करणाऱ्याला मात्र गेज हवं.

आणि एवढं करूनही शेवटी थोडी फट राहिली तर? मग सहा तुकडे एकदम जोडायचे नाहीत. तीन-तीनचे दोन अर्धे भाग आधी चिकटवायचे, आणि वाळल्यावर त्यांची उघडी तोंडं एका सरळ रेषेत रंध्याने घासून मग दोन्ही अर्धे मिळवायचे. साठलेली चूक त्या घासण्यात निघून जाते. चाकाचा शेवटचा तुकडा उरलेल्या जागेच्या मापाने करायचे, त्याचाच हा चुलत भाऊ.

त्याने अखेर नऊ खाचांचं, बाजूला स्क्रू असलेलं गेज घेतलं. टेबलं गेली, पैसे आले.

एका गोष्टीवर मात्र गेजचा इलाज चालत नाही, ती म्हणजे कोकणातला पाऊस. लाकूड ओल पिऊन रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे तिरक्या सांध्याचा कोनच हवेबरोबर बदलतो. ओलसर लाकडाची चौकट ऑगस्टमध्ये केली तर मे महिन्यात सांधे आतल्या बाजूने उघडतात, आणि मे महिन्यात खडखडीत वाळलेली केली तर पावसाळ्यात बाहेरच्या बाजूने. पट्टी जितकी रुंद, तितकं हे जास्त. म्हणून पावसाळी कामात पट्टी अरुंद ठेवणं, लाकूड शेडमध्ये पुरेसे दिवस मुरू देणं आणि चारी बाजूंनी पॉलिश चढवणं याला पर्याय नाही.

गाडीवानांना हे चांगलं माहीत होतं. उन्हाळ्यात चाक सुकलं की लाकूड आकसतं, धाव सैल होते, सांधे बोलू लागतात आणि गाडी चालताना कुरकुर ऐकू येते. अशा वेळी गाडी नदीच्या किंवा ओढ्याच्या पाण्यात नेऊन उभी करायची. बैल सोडून गाडीवान काठावर भाकरी खाऊन घेई, तोवर चाकं पाणी पिऊन फुगत आणि धावेखाली पुन्हा घट्ट होत. पुढे रबरी टायरची गाडी आली. तिला खेड्यापाड्यांत 'डनलॉपची गाडी' असंच नाव पडलं. ती कमी श्रमात जास्त ओझं ओढी, रस्ताही कमी खराब करी. लाकडी चाकाची मागणी तिने संपवली. जुनी चाकं आता पनवेलच्या आसपासच्या हॉटेलांच्या आणि फार्महाऊसांच्या फाटकांशी टेकवून ठेवलेली दिसतात, वार्निश मारलेली. एखादं दिसलं तर त्याच्या घेराचे सांधे मोजा. बहुधा सहा भरतील, आणि धाव निघून गेली असेल तर त्यातला एखादा उघडा असेल.